भरतीची तिथी, मावळतीचा प्रकाश

जालन्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरवर आहे, पण घाट उतरून रस्त्याने हरिहरेश्वर गाठायचं तर अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात जातं. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरीही निघते ती बंगालच्या उपसागराकडे. म्हणजे आपल्या शिवारातलं पाणीसुद्धा कोकणाची वाट धरत नाही. एवढं अंतर तोडून इथला माणूस समुद्रावर जातो तो दिवाळीत नाहीतर मे महिन्यात, दोन-तीन मुक्कामांसाठी. हातात पूर्वी कॅमेरा असायचा, आता फोन असतो. परत आल्यावर फोटो पाहायला बसलं की पुष्कळदा एकच दृश्य दिसतं: मधोमध पांढरट-लाल ठिपका, खाली काळंभोर पाणी, वर फिकट आकाश. डोळ्यांनी पाहिलं ते फोटोत का उतरलं नाही, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उत्तराचा मोठा भाग भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडतो, आणि तो घर सोडण्याआधीच पाहून ठेवता येतो.

किनाऱ्याचं दृश्य सूर्य आणि चंद्र मिळून ठरवतात. प्रकाश सूर्याचा. पाणी कुठवर येईल आणि किती वाळू उघडी पडेल, हे मुख्यतः चंद्राकडे. सूर्यास्ताची वेळ पाहून ठेवणारे पुष्कळ असतात; त्या वेळी समुद्र कुठे असेल हे पाहणारे थोडे. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. चतुर्थीला उत्तर येतं तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा त्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. तो ढोबळ आहे, बंदरागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खडकांवर उतरायचं असेल तर भरती-ओहोटीचा छापील तक्ताच पाहायला हवा. पण जालन्यात बसून सहलीची तारीख ठरवायला तिथी पुरेशी होते.

आता या हिशेबाला सूर्यास्त जोडून पाहा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पूर्ण ओहोटी येते संध्याकाळी साडेपाच-सहाला, म्हणजे नेमकी उन्हं कलताना. शिवाय ही उधाणाची ओहोटी, पाणी सर्वांत दूर गेलेलं. पुळणीचा ओला पट्टा रुंद होतो, एरवी बुडालेली खडपं वर येतात. अष्टमीला उलट होतं. सूर्य पाण्याला टेकतो त्या सुमारास भरती पूर्ण झालेली असते, पण ती भांगाची भरती, फार उंच न चढणारी. तेव्हा ओली वाळू अरुंद असते आणि लाट माडांच्या बाजूच्या कोरड्या वाळूजवळ खेळते. चतुर्थी-पंचमीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी ओसरत असतं. एकादशी-द्वादशीला चढत असतं. एकाच किनाऱ्यावर, त्याच जागी उभं राहून, आठवड्याच्या अंतराने काढलेले दोन फोटो दोन वेगळ्या गावांचे वाटतात ते यामुळे. भरती-ओहोटीतला फरकही सगळीकडे सारखा नसतो. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटर आणि त्याहूनही जास्त चढतं-उतरतं, दक्षिणेला मालवणकडे हा फरक दोन-अडीच मीटरवर येतो. त्यामुळे अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि पाणी चढलं की तोच रस्ता समुद्र होतो.

ओल्या वाळूचं एवढं महत्त्व का, हे जवळून पाहण्यासारखं आहे. लाट परत जाते तेव्हा वाळूवर पाण्याचा अगदी पातळ थर उरतो, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत. काही क्षणांत तो वाळूत जिरतो आणि वाळू मंद होते. जोवर तो थर आहे तोवर वाळू आरसा असते. पण तो आरसा आपण कुठून पाहतो यावर अवलंबून असतो. पाण्याकडे सरळ खाली पाहिलं तर ते जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं, बाकीचा आत जातो. नजर जसजशी तिरपी होते तसतसा परतणारा प्रकाश वाढतो आणि अगदी सपाट कोनातून जवळजवळ सगळा परत येतो. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत वाळू तपकिरी दिसते. तोच फोन गुडघ्याच्या खाली, वाळूपासून वीतभर उंचीवर धरला की अख्खं आकाश जमिनीवर उतरतं. माझ्या मते किनाऱ्यावरच्या फोटोत एवढा मोठा फरक पाडणारी आणि एक पैसाही खर्च न होणारी दुसरी युक्ती नाही. लाट परत फिरली की मनात दोन अंक मोजायचे आणि मग बटण दाबायचं. फेस तोवर विरलेला असतो आणि आरसा अजून शाबूत असतो.

खडकाळ किनाऱ्यावर वेगळी अडचण येते. हरिहरेश्वरचा खडक म्हणजे आपल्या जालन्यातल्या विहिरींच्या पोटात दिसतो तोच काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिथे लाटांनी त्याला कापून सपाट ओटे केले आहेत, आणि खारं पाणी मुरून-वाळून उभ्या भिंतींवर मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. प्रकाश मोजताना कॅमेरा असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. ओल्या काळ्या पाषाणाने चौकट भरली की त्याला वाटतं अंधार आहे. तो प्रकाश वाढवतो आणि पांढरा फेस जळून जातो, त्यातला एकही थेंब वेगळा दिसत नाही. उलट दुपारच्या लख्ख वाळूला तो करडी करून टाकतो. म्हणून काळ्या खडकाशी काम करताना प्रकाश थोडा कमी करायचा, पांढऱ्या वाळूशी थोडा वाढवायचा. फोनवर हे सोपं आहे. पडद्यावर फेसाच्या जागी बोट टेकवून धरायचं, मोजणी तिथे अडकते, मग बोट खाली सरकवून उजेड हवा तेवढा कमी करायचा.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भरतीला बंद होते. तिथे फोटोसाठी उतरायचं तर ओसरत्या पाण्याची वेळ धरावी, म्हणजे प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा मागे राहते. चढत्या पाण्यात पाठीमागची वाट कधी बुडाली हे कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला कळत नाही. गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ मात्र भरतीलाच पाहायची. खडकातल्या अरुंद चिरेत लाट घुसते, पुढे जागा संपते आणि पाणी उंच उसळतं. तो फवारा गोठवायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं वेगवान हवं. तेच पाणी खडकावरून निथळताना त्याच्या रेषा हव्या असतील तर पाव ते एक सेकंद. आणि तीस सेकंद उघडं ठेवलं तर लाटांचं धुकं होतं. धुक्याच्या फोटोंची सध्या फार चलती आहे. मला स्वतःला पाव सेकंदाचा समुद्र जास्त खरा वाटतो, त्यात पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं हे दिसतं.

आता मावळतीकडे वळू. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचा प्रकाश दुपारपेक्षा जवळजवळ चाळीस पट हवेतून येतो. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, उरतो तो तांबडा-केशरी. आपल्या अक्षांशावर सूर्यबिंब पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात, आणि त्यानंतरचा कामाचा उजेड वीस-बावीस मिनिटं टिकतो. युरोपातल्या छायाचित्रकारांना हा वेळ कितीतरी जास्त मिळतो. त्यांची पुस्तकं वाचून आपण निवांत राहिलो तर तिवई लावेपर्यंत काळोख होतो. जालन्याच्या सवयीने घड्याळ पाहणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावं: रत्नागिरी आपल्या पश्चिमेला असल्यामुळे तिथला सूर्यास्त सरासरी दहा मिनिटं उशिरा होतो, डिसेंबरात पंधरा मिनिटांच्या आसपास आणि जूनमध्ये पाचेक मिनिटं.

बिंब बुडालं की गर्दी उठून गाड्यांकडे निघते. खरं तर तिथून पुढची पंधरा मिनिटं सर्वांत मोलाची. जमिनीवरून सूर्य दिसेनासा झाला तरी सात-आठ किलोमीटर उंचीवरच्या पिंजारलेल्या ढगांना तो अजून दिसत असतो, आणि ते खालून पेटतात. त्याच वेळी पाठ फिरवून सह्याद्रीकडे पाहावं. डोंगरांवर करडा-निळा पट्टा चढू लागतो, ती पृथ्वीची स्वतःची सावली. तिच्या वरची गुलाबी पट्टी म्हणजे तांबड्या झालेल्या प्रकाशाचं हवेतून परत येणं. हिवाळ्यात जालन्याच्या कुठल्याही उघड्या रानातून हे दिसतं, पाहायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

रंगांचा एक शत्रू कॅमेऱ्यातच बसलेला असतो. प्रकाशाचा रंग आपोआप दुरुस्त करण्याची सोय मावळतीचा केशरीपणा हा दोष समजते आणि तो पुसून काढते. ती सोय बंद करून 'डेलाइट' वर ठेवली की केशरी केशरीच राहतं आणि नंतरचा निळा प्रहर निळाच. आकाश आणि जमीन यांच्या उजेडातला प्रचंड फरक ही अडचण मात्र छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ले ग्रे यांनी १८५६-५७ मध्ये समुद्राचे फोटो काढले तेव्हा काचेच्या ओल्या प्लेटा निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या होत्या की आकाश कोरं पांढरं यायचं. ले ग्रे यांनी त्यावर मार्ग काढला: आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी, आणि छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडायच्या. दक्षिण फ्रान्समधल्या सेत गावाजवळची त्यांची 'द ग्रेट वेव्ह' ही १८५७ ची प्रतिमा पाहून लोक चकित झाले होते. आजचा फोन 'एचडीआर' मध्ये कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो क्षणार्धात घेऊन एकत्र करतो, ते तत्त्वाने ले ग्रे यांचंच काम. फरक एवढाच की ले ग्रे किती जोडायचं ते स्वतः ठरवत. फोन ठरवतो तेव्हा सावल्या इतक्या उजळतात की संध्याकाळ दुपारसारखी दिसते. सावलीला सावली राहू द्यावी, हे फोनला सांगावं लागतं.

सकाळकडे कोकणात दुर्लक्ष होतं, कारण सूर्य डोंगरामागून येतो आणि पुळणीवर ऊन उशिरा पोचतं. पण पौर्णिमेची आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची पहाट धरून उठावं. पूर्ण चंद्र त्या वेळी पश्चिमेला समुद्राकडे उतरत असतो, पृथ्वीच्या सावलीवरची गुलाबी पट्टी आता समुद्रावर असते आणि चंद्र त्या पट्टीतून खाली येतो. पाण्याला उधाणाची ओहोटी लागलेली असल्यामुळे खाली ओल्या वाळूचा आरसाही मिळतो. एवढ्या गोष्टी एकत्र येतात त्या महिन्यातून दोनच पहाटे. पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाला हे दृश्य पहाटे मिळत नाही, तो संध्याकाळी चंद्रोदय पाहतो.

हवामानाचं गणित तिथीइतकं सोपं नाही, पण ऋतूंचा स्वभाव ओळखता येतो. जालना पर्जन्यछायेत, वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर. आपल्याला जो उजेड ओळखीचा आहे तो धुळीतून गाळलेला, कोरडा, कडक सावल्यांचा. कोकणातला उजेड बाष्पातून येतो, त्याच्या कडा मऊ असतात. हिवाळा संपल्यापासून मेपर्यंत समुद्राच्या क्षितिजावर धुरकटपणा साचतो आणि सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्यात विरून जातो. अशा दिवशी बिंब हाताच्या दोन-तीन बोटांइतकं वर असतानाच फोटो घ्यावा. धुरकटाने त्याची प्रखरता कमी केलेली असते, म्हणून होड्या आणि बिंब एकाच फोटोत नीट येतात. कॅमेऱ्याच्या भिंगातून थेट सूर्याकडे पाहायचं मात्र टाळावं, दुर्बिणीइतकाच धोका त्यात आहे. मे महिन्यात तर सूर्य आपल्या माथ्यावरून जातो. रत्नागिरीत ८ मेच्या सुमारास आणि जालन्यात २० मेच्या सुमारास भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. सकाळी दहा ते दुपारी चार कॅमेरा पिशवीत ठेवून खाडीकाठच्या सावलीत बसणं उत्तम. हर्णैला मासळीचा लिलाव संध्याकाळी होतो, मागे सुवर्णदुर्ग असतो आणि उन्हं तिरपी झालेली असतात.

पावसाळा अनेकांना फोटोसाठी वाया गेलेला काळ वाटतो. माझं मत नेमकं उलटं आहे. मळभ दाटलं की आकाश हाच एक प्रचंड मऊ दिवा होतो. जांभ्याचे सडे हिरवे होतात, ओला जांभा रक्तासारखा लाल दिसतो, आणि उजेड इतका कमी की कुठलंही गडद फिल्टर न लावता पाव-अर्ध्या सेकंदाचं शटर मिळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या दिसतात. ते दृश्य नारळी पौर्णिमेनंतर संपतं. इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध बाजूला आणि सूर्य ४२ अंशांपेक्षा खाली असतानाच दिसतं. म्हणजे कोकणात सकाळचं इंद्रधनुष्य समुद्रावर उमटणार आणि संध्याकाळचं डोंगरावर. सरी येत-जात असतील तर तोंड कुठे करून उभं राहायचं हे यावरून कळतं. याच दिवसांत समुद्र जीवही घेतो. लाटा गटागटाने येतात, आठ-दहा लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या. खडकावर जाण्याआधी पंधरा मिनिटं दुरून पाहावं आणि सर्वांत मोठी लाट जिथवर भिजवते त्याच्या बरंच मागे थांबावं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल त्या दिवशी किनाऱ्यावर उतरू नये.

सामानाबद्दल थोडक्यात. जालन्याचा कॅमेरा धुळीला सरावलेला असतो, दमट हवेला नाही. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर काढला तर भिंगावर दव धरतं, म्हणून पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा. खाऱ्या तुषारांवर कोरडं फडकं घासलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात, आधी गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं मऊ कापड लावावं. घरी आल्यावर भिंगं बंद पिशवीत तशीच ठेवली तर बुरशी धरते.

सराव मात्र जवळच करता येतो. पैठणचा नाथसागर आपल्यापासून दीड-दोन तासांवर. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभ्या माणसाला पाण्याचं क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसतं, त्यामुळे इथे पाणी आणि आकाश समुद्रासारखेच भेटतात. धरण पूर्वेच्या टोकाला आहे, म्हणून त्या बाजूच्या काठावरून सूर्य पाण्यातच मावळतो. इथे भरती-ओहोटी वर्षाची. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी चढतं, उन्हाळ्यात मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. दर महिन्याला एकाच ठिकाणाहून एक फोटो घेतला तर हे मागे सरणं वर्षभराच्या रांगेत दिसतं. हिवाळ्यात परदेशी बदकं आणि रोहित पक्षी येतात. हे पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा थव्याच्या जवळ जाऊन त्यांना उठवू नये. एवढंही जमणार नसेल तर जालन्याचा घाणेवाडी जलाशय आहे, अंबड तालुक्यात शहागडजवळ गोदावरीचं पात्र आहे. गुडघ्याखाली कॅमेरा धरणं, फेसाऐवजी चमकत्या पाण्यावर मोजणी अडकवणं, बिंब बुडाल्यावर पंधरा मिनिटं थांबणं हे सगळं इथे शिकता येतं, आणि मग कोकणात पोचल्यावर मिळालेल्या दोन संध्याकाळी शिकण्यात जात नाहीत.

दिवाळीत निघणाऱ्यांसाठी तिथीचा हिशेब फार अनुकूल आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण. भाऊबीज करून पहाटे निघालेला माणूस तृतीयेच्या संध्याकाळी किनाऱ्यावर असतो. त्या दिवशी भरती सव्वादोनच्या सुमारास होऊन गेलेली, आणि सहाच्या आसपास सूर्य मावळताना पाणी बरंच मागे गेलेलं. चतुर्थी आणि पंचमीलाही ओसरतं पाणी मिळतं. मुक्काम सप्तमी-अष्टमीपर्यंत लांबला तर आरसा संपतो. तेव्हा पुळण सोडून हेदवीसारख्या खडकांकडे जावं. पावसाने धुतलेली हवा या दिवसांत अजून स्वच्छ असते. आणि सुट्टी दोनदा काढता येत असेल तर दुसरी त्रिपुरी पौर्णिमेला ठेवावी, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. गर्दी उतरलेली असते, खोल्या मिळतात आणि पहाटे चंद्र समुद्रात उतरतो.